ठकीचे गार पाय

मित्रांनो, काचेला तडा गेलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला हा जुना मोबाइल म्हणजे मी. लहान मुलांच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर मी असतो. तुम्ही म्हणाल, याला एवढं तोंड पाडून बसायला काय झालं? सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर मला डोळा मिळाला, दिवा मिळाला आणि मी खोक्यात बसून दुकानात आलो. डॉक्टरीणबाईंनी मला घेतलं. पहिली वर्षं मी त्यांच्या पर्समध्ये काढली. बहिणीशी गप्पा, भाच्याचे फोटो, असा सुखाचा संसार होता. मग त्यांनी नवा मोबाइल घेतला. आता आपली रवानगी अडगळीत, असं मी धरून चाललो होतो. पण बाईंनी माझ्यात एक ॲप घातलं आणि मला दवाखान्यात नोकरीला लावलं.

काम सोपं होतं. मुलाचं बोट माझ्या कॅमेऱ्यावर ठेवायचं, की माझा दिवा लागायचा. बोट दाबलं की त्यातलं रक्त मागे सरतं आणि ते फिकं पडतं. दाब सोडला की रक्त परत येतं. ते लगेच आलं, तर मी हिरवा रंग दाखवायचो. रेंगाळलं, तर लाल. लाल म्हणजे अंगात रक्त नीट खेळत नाही, मूल धोक्यात आहे. मात्र कॅमेऱ्यावर बोट आलं की मला नुसता लालसर उजेड दिसतो. ते बोट कुणाचं, हे मला कळत नाही.

पूर्वी बाई प्रत्येक मुलाचे तळवे हातात धरायच्या, नख दाबून पाहायच्या. मी आल्यावर ते हळूहळू सुटलं. बाहेर रांग असायची आणि माझा हिरवा रंग पाहून आयांचे चेहरे खुलायचे. "मशीन किती हुशार आहे हो!" म्हणायच्या. मी शेफारलो. हरभऱ्याच्या झाडावर मला कुणी चढवायची गरजच पडली नाही, मी आपणहून चढून बसलो.

एका सकाळी बेकरीवाला आपल्या दोन वर्षांच्या मुलीला, ठकीला, घेऊन आला. तिला उलट्या-जुलाब होत होते, थोडा तापही होता. तो भट्टीपुढून तसाच उठून आला होता, बाह्यांवर मैदा होता. ठकी काही केल्या बोट ठेवेना. सारखा हात ओढून घ्यायची.

"तुम्हीच धरा हो जरा तिचं बोट," बाई म्हणाल्या आणि औषध लिहायला वळल्या.

त्याने धरलं. मी हिरवा झालो.

"छान आहे. घरी न्या, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा."

तो उठेना. "बाई, पण हिचे पाय बघा ना. गार लागतायत."

"ताप चढताना लागतात. मशीन हिरवं दाखवतंय, उगाच कशाला घाबरता?"

"माझे हात भट्टीचे. मला सगळंच गार लागत असेल," म्हणत तो ओशाळून हसला आणि निघून गेला.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. ठकीचे पाय बाईंपासून वीतभर अंतरावर होते. तरी सगळे माझ्याकडेच पाहत राहिले.

संध्याकाळी तो परत आला, तेव्हा ठकीची मान त्याच्या खांद्यावर लुळी पडली होती. बाईंचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि मागे गेला. त्यांनी तिचे पाय धरले. त्यांचा चेहरा उतरला. मला तिथेच टाकून त्या तिला स्वतःच्या गाडीतून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या.

ठकीचा जीव बरेच दिवस टांगणीला लागला होता. पण ती वाचली. बरी झाल्यावर बाप तिला दाखवायला घेऊन आला.

"चूक माझीच, बाई," तो म्हणाला. "सकाळी मशीन बरोबर सांगत होतं. मीच घरी पाणी कमी पाजलं असेन. बायकोही तेच म्हणते. धड बोलत नाही माझ्याशी."

"तुम्ही तिचं बोट धरलं होतं कसं?" बाईंनी एकदम विचारलं.

"हे असं." त्याने मला उचललं. माझ्या कॅमेऱ्यावर त्याचं स्वतःचं जाड बोट आलं आणि त्याच्यावर ठकीचं इवलंसं. दोन्ही त्याने घट्ट दाबली, मग सैल सोडली.

मी पुन्हा हिरवा झालो.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बापाचं रक्त मोजलं होतं आणि मुलीला ठणठणीत ठरवलं होतं. बाई गप्प बसल्या असत्या, तर तो जन्मभर स्वतःला दोष देत राहिला असता. मला तर वाचाच नाही.

बाई खुर्चीतून उठल्या. "चूक तुमची नाही. मशीनने तुमचं रक्त मोजलं. बोट धरायला मी सांगितलं आणि पाहिलं नाही. पाय गार आहेत म्हणालात, तरी मी हात लावला नाही. घरी हे सांगा. नाहीतर मी येऊन सांगते."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "मला कळलं होतं," तो म्हणाला. "पाय गार पडलेत, हे मला कळलं होतं, बाई." आणि तो रडायला लागला.

मी अजून कामावर आहे, पण आता बाई आधी मुलाला हात लावतात आणि मग मला. माझे जातभाई आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला जपा. मला ते मागायला तोंड नाही. फक्त एक करा. तुमचं धाकटं भावंड आजारी असलं आणि त्याचे पाय तुम्हाला गार लागले, तर मी कितीही हिरवा झालो तरी माझं ऐकू नका. डॉक्टरांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा. त्या पायांना ते हात लावेपर्यंत तिथून उठू नका.