बोअरच्या पाण्याचा फेस

१९९४ साली आम्ही वाशीच्या पुढं, करावे गावाच्या अलीकडच्या सेक्टरमध्ये राहायला आलो तेव्हा तिथं नळाची लाइन पोचली नव्हती. सगळ्या सोसायट्यांना बोअरचं पाणी. बादलीला आतून पांढरा थर धरायचा आणि साबण अंगाला लागण्याऐवजी पाण्यावर सायीसारखा तरंगायचा. अशा ठिकाणी, बँकेशेजारच्या गाळ्यात, अंकुशनं सलून टाकलं.

अंकुश बीडकडचा. चेंबूरला एका सलूनमध्ये सहा वर्षं राबून शिकलेला. गाळ्यात बुद्धाची तसबीर, दोन खुर्च्या, एक बाकडं. केस फार सुंदर कापायचा. पण दाढी म्हटली की पंचाईत. ब्रश फिरवून मनगट दुखलं तरी फेस पेजेसारखा पातळ, आणि ब्लेड गालाला लागेपर्यंत तोही विरून जायचा. मी वाशीच्या मार्केटात कारकून, रोज गुळगुळीत दाढी लागायची. एका सकाळी हनुवटीला तीन ठिकाणी तुरटी लावून घेतली, तेव्हा तो अगदी रडकुंडीला आला.

"कृष्णातभाऊ, माझा हात वाईट नाही हो. चेंबूरला हाच हात, हाच साबण. इथंच काय होतंय कळत नाही."

गिऱ्हाईक हळूहळू स्टेशनकडच्या सलूनला जायला लागलं. मी जात राहिलो, पण खरं सांगायचं तर फक्त केस कापायला.

दसऱ्याच्या सुमारास त्याचे वडील गावाहून आले. सदूबाबा. साठी उलटलेली, शेलाटे, डोक्याला पांढरा पटका. पहिले दोन दिवस ते बाकड्यावर बसून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी मी केस कापायला बसलेला असताना ते उठले, वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि हसले.

"आरं, हे तर आपल्या हिरीवानी हाय. जड पानी. तू ह्याला चेंबूरच्या पान्यावानी वागवतुस."

"मग काय करू, दादा?" अंकुश वडिलांना दादाच म्हणायचा.

"आदी उकळ. खळाखळा. मग झाकून ठिव, सकाळपत्तुर हलवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला गेलो. पातेल्याच्या तळाशी पिठासारखा गाळ बसला होता. सदूबाबांनी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेतलं, ब्रश त्यात भिजवला आणि पार पिळून काढला. कोरड्यासारख्या त्या ब्रशानं ते साबण घोटत राहिले. अंकुश तीनदा पुढं सरसावला, "दादा, पाणी घाला की."

"थांब. जड पान्याला साबन जास्ती लागतो. पानी मागनं, थेंबा-थेंबानं."

मी खुर्चीत होतो. त्यांनी आधी गरम पाण्याचा टॉवेल गालावर दाबून धरला, मग ब्रश उभा धरून केसांच्या मुळाशी फेस घोळवला. दाट नसला तरी तो गालावर टिकला. त्या खुर्चीत पहिल्यांदाच मला तुरटी लागली नाही. मी सहज विचारलं, "बाबा, गावी तुमचा हाच धंदा का?"

सदूबाबा ब्रश धूत म्हणाले, "धंदा न्हाई, सायेब. गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या मानसाला हात लावत नव्हता. मग मीच शिकलो. बावीस घरं. लगीन असलं की नवरदेव आदी माझ्याकडं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मीच खाली बघायला लागलो. साताऱ्याकडच्या आमच्या गावातही हेच होतं, मी लहानपणापासून ते बघितलं होतं, आणि त्या लोकांची दाढी कोण करतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इथं एक माणूस, कुणी शिकवलं नसताना, खराब पाण्यावर, बावीस घरांसाठी हे शिकून बसला होता.

पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. बोअरला खाडीची खारट चव होती, ती उकळून जाईना. "पावसाचं पानी आसतं तर दावलं आसतं," ते म्हणायचे. आभाळ तर कोरडं ठाक. मग एके दुपारी ते बँकेच्या भिंतीजवळ उभे दिसले. वर एसीच्या नळीतून टपटप पाणी पडत होतं. त्यांनी ओंजळ धरली, चाखलं, खिशातून साबणाचा तुकडा काढून तळहातावर चोळला. बघता बघता फेस मनगटापर्यंत आला.

"अंकुश! बादली आन!"

बँकेचा शिपाई शिवा आधी बिचकला, मग म्हणाला, "न्या की बाबा, पायरीवर चिकचिक होते त्यापेक्षा बरं." ते पाणी गाळून, उकळून घेतल्यावर अंकुशनं पहिला ब्रश फिरवला आणि वाटीतून फेस वर आला, घोटलेल्या श्रीखंडासारखा, ब्रश उभा राहील इतका दाट.

"पहिली दाढी बाबांची," मी म्हणालो.

"मला कशाला? ही गिऱ्हाइकाची जागा हाय."

"मग गिऱ्हाईक म्हणून बसा, दादा," अंकुश म्हणाला आणि त्यानं खुर्ची झटकली.

ते खुर्चीच्या कडेला बसले. अंकुशनं खांद्याला धरून मागं टेकवलं, टॉवेल दिला, फेस लावला. फेसातूनही सूचना चालूच होत्या, "ब्रश उभा... कानाच्या खाली..." मग त्यांनी डोळे मिटले. बाकड्यावरच्या दोघांनी पेपर खाली ठेवला होता.

"कुठं लागलं का, दादा?"

"लागलं आसतं तर वरडलो आसतो," सदूबाबा म्हणाले. मग दोन्ही तळहात गालावरून फिरवले, पुन्हा फिरवले, आणि आरशात बघत राहिले. "बरं जमलंय तुला."

दिवाळीपर्यंत बाकड्यावर जागा मिळेनाशी झाली. मार्केटातले लोक वाटेत बसमधून उतरून तिथं यायला लागले. सदूबाबा होळीपर्यंत राहिले, सकाळी म्हाताऱ्यांची दाढी तेच करायचे.

मी घरी बोअरच्याच पाण्यावर तोच प्रकार करायला गेलो आणि आठवडाभर फसलो. शेवटी त्यांना विचारलं, तर ते तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी आले. मोरीच्या दारात उभं राहून त्यांनी मला साबण घोटायला लावला आणि माझं मनगट धरून म्हणाले, "घाई करू नका, सायेब. पानी कसंबी आसू द्या, साबनाला येळ द्या."

माझ्या बायकोनं, राजाबाईनं, चहा ठेवला होता. ते गेल्यावर ती म्हणाली, "शिकवतात किती छान." आठ दिवसांनी मला जमलं.