कुंकू लावलेलं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी मिनीबस आहे, पण माझ्या पोटात घर आहे. दोन माणसांना निजायला फळी, शेगडीचा ओटा, भांडी घासायची मोरी आणि मोरीच्या नळाला पाणी पुरवणारी चाळीस लिटरची टाकी, एवढं सगळं मी घेऊन हिंडत असे. माझ्या छपरात एक झरोकाही आहे. तो कशासाठी, ते पुढे कळेलच.

माझी पहिली बारा वर्षं रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांच्या धुळीत गेली. पहाटेच्या पाळीचे कामगार आणायचे, रात्रपाळीचे घरी सोडायचे. लोखंडाची भुकटी माझ्या सांध्यासांध्यांत बसली होती. पुढे कारखान्यानं नवी गाडी घेतली आणि मला भंगारात काढलं. तिथून मला अच्युतरावांनी उचललं. रेल्वेत डबे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांचे हात शिवशिवत होते. वर्षभर समता कॉलोनीतल्या त्यांच्या फाटकासमोर ठोकाठोक चालली. त्याच सुमारास राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि माझ्या पाटीवरचं एम.पी. खरडून तिथं सी.जी. आलं. राज्याबरोबर मीही नवी झाले, असं मला वाटे.

एक चूक मात्र अच्युतरावांकडून झाली. डिझेलच्या टाकीचं तोंड आणि पाण्याच्या टाकीचं तोंड त्यांनी माझ्या एकाच अंगाला, हातभर अंतरावर ठेवलं, आणि दोन्हींना एकाच दुकानातली एकसारखी झाकणं बसवली. जोडी छान दिसत होती.

आता त्या दिवसाचं सांगते. दोन हजार चार सालच्या जून महिन्याची आठ तारीख. त्या दिवशी शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. म्हणजे सूर्याच्या बिंबावरून एक काळा ठिपका सरकताना दिसणार होता. त्या दिवशी जिवंत असलेल्या एकाही माणसानं ते पाहिलं नव्हतं, कारण आधीचं तसं अधिक्रमण एकशे बावीस वर्षांपूर्वी झालं होतं. अच्युतरावांची मुलगी गंधाली त्याच वर्षी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली होती. आरंगच्या पुढे महानदीकाठच्या एका गावातल्या सेहेचाळीस मुलांना तिनं शब्द दिला होता की ठिपका सूर्याच्या काठाला शिवेल, त्या क्षणाला मी तुमच्याकडे असेन. तो क्षण होता सकाळी पावणेअकराचा.

दुसऱ्या गाडीनं जाणं शक्य नव्हतं. माझ्या झरोक्यात दुर्बीण घट्ट बसवलेली होती, खाली आरसा होता आणि खिडक्यांना काळा कागद लावलेला होता. दुर्बिणीतून आलेलं सूर्याचं बिंब माझ्या पोटातल्या पांढऱ्या पडद्यावर ताटाएवढं पडे, आणि डोळ्यांना काही इजा न होता दहा-दहा मुलांना एका वेळी पाहता येई. मी नुसती त्यांची गाडी नव्हते, मी त्यांची दुर्बीण होते. आदल्या रात्री मला झोप कशी ती आली नाही.

सकाळी सातला गल्ली जमली. रायपूरच्या उन्हाळ्यात नळ अर्धा तास येतो, तेव्हा माझी टाकी एका घराच्या नळानं भरणं शक्य नव्हतं. म्हणून सात घरांनी ठरवलं, प्रत्येकानं पाच लिटरची एक गुंडी पाणी द्यायचं. शेजारच्या कलावतीकाकूंनी ओतायचं काम अंगावर घेतलं. त्याआधी अच्युतरावांच्या पत्नी इंदूताईंनी माझी पूजा केली, नारळ फोडला, धूप लावला, आणि डिझेलच्या झाकणाला हळदीकुंकू लावलं. गाडी खाते ते तिचं तोंड, असा त्यांचा विचार.

कलावतीकाकूंचा विचार वेगळा होता. त्यांच्या घरी पाण्यानं भरलेल्या गुंडीलाच हळदीकुंकू लागे. कुंकवाचं झाकण ते पाण्याचं, हे त्यांना विचारण्याची गरजच वाटली नाही.

पहिली गुंडी माझ्या डिझेलमध्ये पडली. मग दुसरी. मी काय करणार होते? मला ओरडता येत नाही. धुपाच्या धुरात काकूंनी नाक एकदा वर केलं आणि म्हणाल्या, "वास येऊन राहिला बाप्पा. पण गाडी म्हटली का वास आलाच." आणि सातही गुंड्या रिकाम्या करून त्यांनी झाकण समाधानानं बंद केलं. ज्या पाण्यासाठी लोक पहाटे उठून नळाशी बसले होते, तेच पाणी माझ्या पोटात विषासारखं उतरलं. डिझेल हलकं, ते वर तरंगलं. पाणी जड, ते तळाशी गेलं. आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच उघडते.

साडेसातला अच्युतराव बसले. शेजारी वही घेऊन गंधाली. अच्युतरावांनी किल्ली अर्धी फिरवली आणि हीटरचा लाल दिवा लागला. जुन्या डिझेल इंजिनाला थंडीत सुरू करण्याआधी आतून वीसेक सेकंद तापवावं लागतं. जून महिन्यात त्याची काही गरज नव्हती, पण रेल्वेत शिकलेला नियम अच्युतराव बारा महिने पाळत. गल्लीतला धर्मपाल सिलतऱ्याच्या कारखान्यात ट्रक दुरुस्त करी. रात्रपाळी करून तो नुकताच परतला होता. खिडकीला रेलून तो नेहमीचं बोलला, "साहेब, बेचाळीस डिग्रीच्या दिवसांत हीटर? पोहे भाजून राहिले काय?"

"नियम म्हणजे नियम," अच्युतराव म्हणाले. "एक, दोन, तीन..."

मित्रांनो, ते वीस सेकंद मी कधी विसरणार नाही. इंजिन एकदा फिरलं असतं, तर पाणी पंपात शिरलं असतं, पंपाचे बारीक भाग खरवडून निघाले असते, आणि सेहेचाळीस मुलं रिकाम्या मैदानात सूर्याकडे पाठ करून बसली असती. मला बोलायला तोंड नव्हतं. पण एक काटा होता. किल्ली फिरली की डिझेलचा काटा जागा होतो. टाकीतला तरंगता गोळा जेवढा वर, तेवढा काटा वर. मी काटा उचलला. पाव, अर्धा, पाऊण, जवळजवळ पूर्ण.

"टाकी फुल," इंदूताई खिडकीतून पाहून खुशीत म्हणाल्या. "पूजेचं फळ."

"बारा, तेरा," अच्युतराव मोजत होते.

गंधालीनं वहीत पाहिलं. मग काट्याकडे. मग पुन्हा वहीत.

"बाबा, काल आपण किती डिझेल टाकलं?"

"वीस. आधीचं दोन. चौदा, पंधरा..."

"साठच्या टाकीत बावीस. तर काटा फुल कैसे?"

"काटा अडकला असेल. सतरा..."

"अडकला असता तर खाली राहिला असता ना. बाबा, किल्ली काढा. अभी के अभी."

अच्युतरावांनी मुलीचा चेहरा पाहिला आणि किल्ली काढली. लाल दिवा विझला. गंधाली मागे धावली, मोरीचा नळ सोडला. नळानं नुसती फुंकर मारली. ती खाली उतरली, माझी दोन्ही झाकणं उघडून वास घेतला आणि तिथंच उभी राहिली.

"काकू, पाणी कुठं ओतलं?"

"कुंकू होतं तिथं," कलावतीकाकू म्हणाल्या. "काहून?"

गंधालीनं कुंकवाचं झाकण वर धरलं. मग काकूच समजल्या आणि इंदूताईंकडे वळल्या. "इंदू, कुंकू कशाले लावते माणूस? पाण्यालेच ना?"

"अवं, तिच्या तोंडाले लावलं मी. खाते ना ते तिथून."

"मग मले सांगाचं नाही?"

"तुले विचाराचं नाही?"

धर्मपालनं त्यांच्यामधून वाकून विचारलं, "साहेब, इंजिन फिरलं का?"

"नाही. सतरापर्यंतच मोजलं."

"मंग काही नाही बिघडलं. पान्हा आणा." तो माझ्या पोटाखाली सरकला. आतूनच त्याचा आवाज आला, "आजपासून मी हीटरले हसणार नाही."

टाकीच्या बुडाला एक बोल्ट असतो. तो सैल होताच तळाचं पाणी आधी आलं, स्वच्छ, सप्तरंगी तेलकट कडा असलेलं. गंधाली बादलीनं मोजत होती. दहा लिटर, वीस, तीस. चौतिसाव्या लिटरला धार पिवळसर झाली आणि तिनं बोल्ट आवळायला सांगितलं.

"एक लिटर अजून आत आहे," ती म्हणाली. तिनं बोल्टातून काचेच्या बाटल्यांत थोडं थोडं काढून त्यांत पोटॅशियम परमँगनेटचा, म्हणजे विहिरीत टाकतात त्या लाल दवेचा, एकेक कण टाकला. लाल दवा पाण्यात विरघळते, डिझेलात विरघळत नाही. पहिल्या बाटलीच्या तळाशी चार बोटं जांभळा पट्टा उमटला. दुसरीत पट्टा बोटभर. तिसरीत एक जांभळा मणी. पाचव्या बाटलीत कण जसा टाकला तसा तळाशी पडून राहिला, कोरडा, काळा. अख्खी गल्ली त्या बाटलीवर वाकली होती. धर्मपालनं फिल्टरचं बूड उघडून दोन थेंब झटकले आणि म्हणाला, "लावा किल्ली."

नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. पण माझी पाण्याची टाकी कोरडीच होती, आणि नळ कधीच गेला होता. सेहेचाळीस मुलं त्या उन्हात काळ्या कागदाच्या गाडीत येणार होती. कलावतीकाकू घरात गेल्या. त्यांनी दिवसभरासाठी भरून ठेवलेल्या पाण्यातली गुंडी आणली आणि दोन्ही झाकणांसमोर थांबल्या.

"गंधाली, कोणत्या तोंडात?"

तिनं दाखवलं. मागोमाग उरलेल्या सहा घरांतून सहा गुंड्या आल्या. अच्युतराव पुन्हा बसले, पुन्हा वीसपर्यंत मोजलं, आणि या वेळी धर्मपालही त्यांच्याबरोबर मोजत होता. मी पहिल्याच झटक्याला सुरू झाले.

त्या दिवशी मी जशी धावले तशी उरल्याच्या रस्त्यावरही कधी धावले नव्हते. दहा चौतीसला गाव आलं. दहा चाळीसला पडद्यावर ताटाएवढा सूर्य पडला. पहिली दहा मुलं माझ्या पोटात श्वास रोखून उभी होती. आणि मग, सूर्याच्या कडेला, कुणीतरी नखानं टोकरावं तशी एक खाच पडली. खाच वाढत गेली, गोल झाली, आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा शुक्र सूर्यावर चालू लागला.

"दीदी, ये चलत हे," एक मुलगी हळूच म्हणाली.

"हव," गंधालीनं मान डोलावली. त्या सूर्याखाली मुलांनी माझ्या नळाचं पाणी प्यायलं, सातही घरांचं, शेवटच्या थेंबापर्यंत.

पुढची वर्षं लवकर गेली. गंधाली पुण्याला शिकायला गेली. अच्युतरावांचे गुडघे दुखू लागले आणि माझं इंजिन थांबलं. नव्या राजधानीत प्रत्येक रिकाम्या जागेवर इमारत उभी राहू लागली, तसतशी मला ढकलत ढकलत गल्लीच्या टोकाला नेलं. माझ्या काचेवरच्या धुळीत मुलं बोटानं नावं लिहीत. मला राग नव्हता. निदान नावं तरी लिहीत होती.

दोन हजार बारा साली शुक्र पुन्हा आला, या वेळी सूर्योदयालाच. गंधाली रजा घेऊन आली होती. तिनं दुर्बीण झरोक्यातून काढून पूर्वेच्या खिडकीत लावली आणि गल्लीतली पोट्टी-पोट्टे माझ्यात शिरले. सगळ्यांच्या आधी, काठी टेकत, गुंडी घेऊन कोण आलं असेल? कलावतीकाकू. माझं इंजिन तेव्हा बंद होतं, डिझेलची टाकी कोरडी होती, चूक झाली असती तरी काही बिघडलं नसतं. तरी त्या थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "कोणत्या तोंडात?"

मित्रांनो, आता शुक्र सूर्यासमोर येईल तो एकविसशे सतरा साली. तेव्हा मी नसेन. पण तुमच्या नातवंडा-पतवंडांना घेऊन एखादी गाडी निघेल, आणि तिला घाईघाईत, प्रेमानं, काहीतरी पाजायला माणसं जमतील. त्यांना एवढंच सांगा, की ओतण्याआधी विचारा. आणि काटा जागा झाला की त्याच्याकडे एकदा नीट पाहा. आमच्याकडे बोलायला तेवढंच असतं.