शेणखताचं कूळ

हेस्टर टॉर्डॉफला 'शेणखत' हे नाव लॅसकम सरांनी दिलं, पण वर्गाबाहेर त्या नावाने तिला पहिली हाक मी मारली. हे आधीच सांगून टाकते.

आम्ही तेव्हा अकरा वर्षांच्या होतो. यॉर्कशरच्या आमच्या खोऱ्यातल्या शाळेत लॅसकम सर इंग्रजी शिकवायचे. युद्धात ते कॅप्टन होते आणि हे कुणाला विसरू देत नसत. हेस्टरचे वडील दुसऱ्याच्या गोठ्यावर कामाला होते. सकाळच्या धारा काढूनच ती शाळेत यायची आणि तिच्या बुटांना वास यायचा. एकदा सरांनी श्रुतलेखन घातलं. त्यात सैन्याच्या चालीला असतो तो शब्द होता, 'मनूव्हर'. फ्रेंच वळणाचा शब्द, मध्ये ओ, ई, यू अशी तीन अक्षरं एकाला एक चिकटलेली. हेस्टरने कानाला ओळखीचं वाटलं ते लिहिलं, 'मॅन्युअर'. म्हणजे शेणखत.

सरांनी तिची वही उंच धरली. "सेनापतीने नदीकाठी उत्तम शेणखत केलं. वा. जे बुटाला लागलंय तेच वहीत उतरायचं."

वर्ग हसला. पुढे पाच वर्षं ते हजेरीतही तिला त्याच नावाने पुकारत राहिले. सोळाव्या वर्षी तिने शाळा सोडली आणि वाचनालयात पुस्तकं मांडायच्या कामाला लागली. तिथल्या जाडजूड शब्दकोशात एका दुपारी तिला ते दोन्ही शब्द सापडले. काय सापडलं ते तिने मला तेव्हा सांगितलं नाही. नुसती म्हणाली, "ते सांगायला मला सभागृह भरलेलं हवंय, एनिड." त्यानंतर ती फ्रेंच शिकली, थोडं लॅटिनही, आणि संधीची वाट पाहत राहिली.

निवृत्तीनंतर सर गावातच राहिले आणि चर्चच्या सभागृहातल्या वार्षिक स्पेलिंग स्पर्धेचे पंच झाले. शेवटी प्रेक्षकांपैकी कुणीही पंचांना एक शब्द घालायचा, त्यांनी स्पेलिंग आणि मूळ दोन्ही सांगायचं, अशी रीत होती. अकरा वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. बाराव्या वर्षी हेस्टर उठली. बसायला जागा नव्हती, लोक भिंतीला टेकून उभे होते.

तिने 'मनूव्हर' घातला. सरांनी अक्षर न् अक्षर बरोबर सांगितलं आणि म्हणाले, फ्रेंच, लष्करी शब्द. टाळ्या पडल्या. हेस्टरने त्या थांबू दिल्या.

"आणि मॅन्युअर, सर? त्याचं मूळ?"

सर हसले. तो गावंढळ शब्द, म्हणाले, शेतकऱ्यांनी कुठून तरी उचललेला, त्याला कसलं आलंय कूळ.

हेस्टरने पिशवीतून शब्दकोशाचा खंड काढून पाद्रीबाबांच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. ते वाचू लागले. लॅटिनमध्ये हात आणि काम, दोन्ही मिळून हाताने केलेलं काम. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये जमीन कसणे. नॉर्मन लोकांबरोबर तो शब्द इकडे आला आणि त्याचं झालं मॅन्युअर. तोच शब्द फ्रान्समधून पुन्हा आला, सैन्याबरोबर, साडेतीनशे वर्षांनी. तो मनूव्हर.

"म्हणजे थोरला आमचा," हेस्टर म्हणाली. "तुमचा धाकटा, सर. मी अकराव्या वर्षी थोरल्याचं नाव लिहिलं, तर तुम्ही मला पाच वर्षं शेणखत म्हणालात."

मागून कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. सरांनी चष्मा काढला, पुसला, तिच्याकडे निरखून पाहिलं.

"माफ करा, तुम्ही कोण ते मला आठवत नाही."

"वाटलंच होतं मला. आता राहील लक्षात."

त्या आठवड्यात त्यांनी पंचपद सोडलं. पण गावाला नाव मिळालं होतं. बेकरीत, टपालाच्या रांगेत, त्यांच्या पाठीमागे 'कॅप्टन शेणखत' सुरू झालं, आणि मग तोंडावरही. त्यांच्या बायकोने बाजारात यायचं बंद केलं. मी हेस्टरकडे गेले. लोक तुझं ऐकतील, थांबव त्यांना, म्हटलं. माणूस एक्याऐंशीचा आहे.

"मी अकराची होते," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं झाली ग."

"हो. आणि तू पण हसली होतीस, एनिड. तुला मी माफ केलंय असं समजू नकोस. तुझी फक्त सवय झालीय मला."

तिने माझ्यापुढे चहा ठेवला. मी तो प्यायले. दुसरं काय करणार होते?

शरद ऋतूत लॅसकम नवराबायको मुलीकडे राहायला समुद्रकाठी गेले. सामानाची गाडी वाचनालयावरून गेली तेव्हा हेस्टर काम सोडून पायऱ्यांवर आली आणि गाडी पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली. मग आत जाऊन तिने राहिलेली पुस्तकं लावली. त्या दिवशी ती गुणगुणत होती, असं तिथली बाई मला म्हणाली.