हौसेपुरती गाडी

आमच्या घरात मला एक सवत होती, आणि ती गॅरेजमध्ये राहायची. हे मी लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगत आले आणि सगळे हसत आले. हिरवा रंग, गोल दिवे, वयाने माझ्यापेक्षा मोठी. यांनी जन्मभर दुकानात लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, पण जीव लावला तो हिलाच.

अशा जुन्या गाड्यांचा विमा वेगळा असतो. स्वस्त, पण अटी भाराभर. गाडी फक्त हौसेपुरती चालवायची. कामाधंद्याला न्यायची नाही, अंधार पडल्यावर काढायची नाही, यांच्याशिवाय कुणी चालवायची नाही, आणि वर्षाला ठरलेल्या किलोमीटरपुढे जायचं नाही. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे तर हौसेला मीटरच लावला होता. डॉक्टरांचं, माझं, कुणाचंच न ऐकणारा हा माणूस पॉलिसीतला शब्द मात्र वेदवाक्य मानायचा. सूर्य कलला की कुठेही असोत, गाडी घराकडे वळायची.

त्या वर्षी किलोमीटर लवकर संपत आले. लेक तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच येणार होती, आणि नातीला स्टेशनवरून आपल्याच गाडीतून आणायचं, असं यांनी ठरवून टाकलं होतं. अट मोडायची नाही, पण पळवाट काढायला कुणाची ना आहे? यांनी मीटरची केबलच सोडवून ठेवली. किलोमीटर पुढे सरकायचे थांबले. त्या गाडीत वेगाचा काटाही त्याच केबलवर चालतो, तोही शून्यावर पडून राहिला.

"अहो, मग वेग कसा कळणार?" मी विचारलं.

"कानाने. इंजिनाच्या आवाजावरून मला सगळं कळतं."

इथेच तर सगळी गोम होती. यांचे कान केव्हाच गेले होते. दाराची बेल ऐकू यायची नाही. हे बातम्या लावायचे तेव्हा शेजाऱ्यांना आपला टीव्ही लावावा लागत नसे. कान तपासून घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तूच हल्ली पुटपुटतेस."

एकदा स्टेशनकडून येताना खाणीजवळच्या उतारावर आम्ही असे वळलो की मी दारावर आपटले. हे मजेत शीळ घालत होते. "बघ, कशी लोण्यासारखी जाते," म्हणाले. बाळालाही याच रस्त्याने आणायचं होतं.

भांडून झालं, विनवून झालं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी हे दुपारचे झोपलेले असताना मी विमा कंपनीला फोन केला आणि केबलचं सांगून टाकलं. पॉलिसी रद्द होईल आणि गाडी गॅरेजमध्ये बसेल, असा माझा सरळ हिशोब. अटी पाळणारा माणूस विम्याशिवाय रस्त्यावर उतरेलच कशाला?

कंपनीचा माणूस आला तो लेक यायच्या आदल्या दिवशी. बोलायला अगदी मऊ. त्याने डॅशबोर्डखाली हात घालून केबलचं सुटलेलं टोक बाहेर ओढलं आणि यांच्यासमोर धरलं. कुणी कळवलं ते बोलला नाही. "पॉलिसी आजपासून बंद," एवढंच म्हणाला. हे खाली मान घालून उभे राहिले. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे शीळ घालत किल्ली शोधू लागले.

"कुठे निघालात?"

मी दोनदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाले, "स्टेशनवर. गाडी घेऊन."

"अहो, पॉलिसी रद्द झाली ना!"

"झाली ना! सुटलो की मी. आता अंधाराची भीती नाही, मीटरची नाही. मोडायला अटच उरली नाही!"

शाळा सुटलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता यांचा. हा माणूस जगात एकाच गोष्टीला जुमानत होता, आणि तो लगाम मी स्वतःच्या हाताने कापला होता. मी धावत जाऊन मागच्या सीटवर बसले.

रेल्वेला उशीर झाला. लेक उतरली तेव्हा काळोख पडला होता. मी तिला बाजूला घेतलं. "टॅक्सीने जाऊ. बाबांना ऐकू येत नाही, काटा बंद आहे, जीव जाईल आपला."

ती हसत सुटली. "आई, अजून सवतीवरचा राग गेला नाही का तुझा?"

"थट्टा नाही गं करत!"

"इतकी वर्षं हेच तर करतेस," म्हणून ती पुढे जाऊन बसली. बाळाला तेवढं मी माझ्याकडे मागून घेतलं. त्या काळच्या गाडीला पट्टे कुठले! मी हातांचाच पट्टा केला.

खाणीचा उतार लागला. दिव्यांचा पिवळा उजेड चार हातांपुढे पोचत नव्हता.

"अहो, हळू!"

"आई, पुरे आता," लेक म्हणाली.

पहिलं वळण गेलं. तिचा हात दाराच्या कडीवर गेला. ती समोर बघत राहिली आणि तिचं हसू थांबलं.

"बाबा, हळू." मग ओरडली, "बाबा, हळू! बाबा!"

लेक काहीतरी बोलतेय एवढं यांना दिसलं. कौतुकाने हसून, तिचे ओठ वाचायला यांनी रस्त्यावरची नजर काढली आणि हे पूर्ण तिच्याकडे वळले.

"काय म्हणालीस, बाळा?"