फिरकीच्या तांब्यात अडकलेलं पाणी

मित्रांनो, फळीच्या टोकाला काळवंडून बसलेला पितळी तांब्या तुम्ही पाहिला असेल. तो मीच. मी फिरकीचा तांब्या आहे, म्हणजे माझं झाकण फिरवून घट्ट लावतात. धुळ्याच्या एका कारागिरानं मला घडवलं, मानेवर आटे पाडले, आतून कल्हई केली. दोंडाईच्याचे कापड व्यापारी हस्तीमल यांनी मला आपल्या आईसाठी घेतलं. आईचं नाव जतनबाई. लग्न असो की देवदर्शन, मी त्यांच्याबरोबर असायचोच. "यातून थेंब सांडत नाही," असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि मी फुशारून जायचो.

असा मी प्रवासाला सोकावलेला. पण एका दिवसाची आठवण निघाली की आजही मला चैन पडत नाही.

त्या चैत्रात घरची मंडळी तापीकाठी गेली होती. नरडाण्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. जतनबाईंचा उपवास होता. जैनांच्या उपवासात फक्त उकळलेलं पाणी चालतं आणि तेही सूर्य मावळेपर्यंतच. त्यानंतर थेंबही नाही, त्याला चौविहार म्हणतात. ते पाणी माझ्या पोटात होतं. बाकीच्यांनी झाडाखाली पुरी-लोणचं खाल्लं. हस्तीमल यांच्या पत्नी कुसुमलता घरात नव्या होत्या, त्यातून दिवस गेलेले. त्यांचे तेलकट हात मला लागले. सासूबाईंचा तांब्या मळला म्हणून त्या धास्तावल्या आणि मला घासायला बसल्या. नदीचं न गाळलेलं पाणी मला लागू नये, म्हणून कोरड्या वाळूनंच घासलं. मी चकचकीत झालो, पण वाळू आट्यांत राहिली. बैलगाडीच्या हिसक्यानं पाणी सांडू नये म्हणून त्यांनी झाकण जोर लावून पिळलं. वाळू करकरली. माझ्या जिवाची तगमग झाली, पण मला कुठे बोलता येतं?

परतताना नरडाण्याला आगगाडी येता येईना. जतनबाई म्हणाल्या, "गाडीत बसू, मग निवांत पिईन." गाडी आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बाकावर टेकताच त्यांनी पाणी मागितलं. हस्तीमल यांनी झाकण फिरवलं. ते हलेना. रुमाल गुंडाळून पाहिला, धोतराचा सोगा गुंडाळून पाहिला. घामानं त्यांचा हात निसटू लागला.

समोर मडकं घेऊन शेवंताबाई नावाची शेतकरीण बसली होती. "ल्या अक्का, मना मटकानं पानी थंडगार शे."

"तुझं पाणी गोड असेल, बाई," जतनबाई म्हणाल्या, "पण आज मला उकळलेलंच लागतं."

शेवंताबाईनं कुसुमलतांपुढे पेला धरला. त्यांनी मान हलवली. "माँजींच्या आधी नको." त्यांचे ओठ सुकले होते आणि नजर खिडकीबाहेर सूर्यावर होती. गाडी मध्येच माळावर थांबली. सूर्य मात्र थांबला नाही.

शेवटी हस्तीमल यांनी मला खिडकीच्या लोखंडी गजावर आपटलं. माझी मान चेपली, मला त्याचं काही वाटलं नाही. झाकण सुटलं. त्यांनी पेला भरून आईपुढे धरला. जतनबाईंनी बाहेर पाहिलं. माळावर नुसती लाली उरली होती. त्यांनी पेला बाजूला केला आणि डोळे मिटून हात जोडले.

"माझ्यामुळे झालं, माँजी. वाळू मीच लावली," कुसुमलता रडू लागल्या.

जतनबाईंनी डोळे उघडले. तोच पेला उचलून सुनेच्या ओठांशी नेला. "पोटातल्याला कसला चौविहार, बीनणी? पी."

कुसुमलता घोटाघोटानं प्यायल्या. जतनबाई कोरड्या घशानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, दोंडाईचा येईपर्यंत.

पुढे घरात थर्मास आला आणि मी फळीवर गेलो. मित्रांनो, मला चिंचेनं घासून उजळवा असं मी म्हणत नाही. पण कुणासाठी पाणी भरून नेताना झाकणाच्या आट्यांवरून एकदा फडकं फिरवा. त्या संध्याकाळी माझं पोट पाण्यानं भरलेलं होतं आणि ज्यांच्यासाठी ते भरलं, त्या माऊली माझ्या शेजारी तहानलेल्या बसल्या होत्या.