कपारीतला हात

"अवो, रगत!" काठावरून इंदूबाई ओरडली.

श्रावण कमरेएवढ्या पाण्यात वाकलेला होता. उजवा हात खांद्यापर्यंत दरडीखालच्या कपारीत, गाल पाण्याला टेकलेला, डोळे मिटलेले. त्याला वाटलं, काठावरच कोणाला तरी लागलं. डोळे उघडले तर त्याच्याच दंडाशी पाणी तांबूस होत चाललं होतं.

त्यानं हात बाहेर काढला. पंजात वीतभर शिंगटा मासा होता, मिशा हलवत. त्याचा काटा अंगठ्याखालच्या मांसात खोल शिरला होता. श्रावण पाहतच राहिला. दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्या खांद्याला लावून दिल्यासारखा तो हात दिसत होता.

मग त्याच्या ध्यानात आलं, की आता ओरडायला पाहिजे.

"आईऽ वं! मेलो वं!"

"आता कायले बोंबलता?" इंदूबाई म्हणाली. "मी रगत पाह्यलं, तवा तुमाले दुखलं काय?"

श्रावणनं मासा पिरगाळून काटा मुळापाशी मोडला. मासा टोपल्यात गेला, काटा हातात राहिला.

आर्णीच्या अलीकडच्या या नाल्यावर त्यानं जन्मात जाळं टाकलं नव्हतं की गळ लावला नव्हता. नुसता हात. कपारीत आधी बोटांची पाठ लावायची. खरखरीत लागलं तर साप, हात तसाच मागं. टणक लागलं तर खेकडा. बुळबुळीत लागलं की तळवा हळूच पोटाखाली न्यायचा, जरा कुरवाळायचं. मासा थांबतो. तेवढ्यात बोटाला कळतं, पोट अंड्यांनी भरलेलं आहे की रितं. भरलेलं असलं की श्रावण मूठ उघडायचा. पाण्यातल्या बाळंतिणीला हात लावायचा नाही, असं त्याच्या मायनं शिकवलं होतं. तीस वर्षांच्या संसारात त्यानं आणलेल्या माशात इंदूबाईला गाभोळी सापडली नव्हती.

पोळ्यानंतर दोनदा सापडली. तिनं ती गुपचूप राखेत पुरली आणि कालवण वाढलं.

आता ती चिखल तुडवत पाण्याजवळ आली. "कवापासून कळत नाही हाताले?"

"कळते वं. पानी थंडं हाय."

"मले येडी समजता? परवा चुलीतला निखारा चिमटा न घेता उचलला तुमी. मी पाह्यलं."

श्रावण दरडीवर टेकला. समोर नाल्याच्या पलीकडं मारोतरावांच्या कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. यंदा अळी हटत नव्हती, म्हणून औषध बदलत होतं, दोन-दोन औषधं एकत्र कालवली जात होती, आणि पाठीवर पंप घेऊन त्या जंगलात श्रावण शिरत होता. डोक्यावरची पानं निथळायची ती त्याच्याच अंगावर. मारोतरावांकडं सालदारकीचं हे सातवं साल.

"मारोतरावले सांगा, मले फवारा होत नाही."

"सांगतो. मंग पंप कोनाच्या पाठीवर जाईन?"

साल धरलं की पाडव्यापर्यंत मोडायचं नाही. सालदार पडला तर घरातला माणूस बदली द्यायचा, ही गावाची रीत. आणि घरात दुसरा गडीमाणूस एकच होता. मुलगा संघर्ष. यवतमाळला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला.

"म्हून लपवता?"

"बोलवाचा काय पोराले? सांग, उद्याच बोलावतो."

"तसं कोन म्हनलं?" ती एकदम बारीक आवाजात म्हणाली.

तेवढ्यात बांधावरून मारोतराव उतरले. वाईट माणूस नव्हता. पंप कमी पडले की स्वतःही पाठीला लावायचा. आज मात्र चेहरा ओढलेला होता.

"श्रावण, तुलेच पाहून राह्यलो. तिकडच्या गावचे दोघं फवारा मारता मारता पडले, दवाखान्यात हायेत. कृषीवाले सांगून गेले, ज्याच्या हातापायाले मुंग्या येतात, कळत नाही, त्याले पंप देऊ नोका. परवा तुह्या हातून पंपाचं झाकन सुटलं, तुले पत्ता नव्हता. खरं सांग. तसं असन तर संघर्षले बोलाव, तू घरी बस. मले पोलिसाची भानगड नाही पाह्यजे."

श्रावणनं हात मागं घेतला, पण रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"दाखव बरं." मारोतराव वाकले. "अरे बापा! शिंगट्यानं मारलं! हा काटा लागला का धडधाकट मानूस रडते. दुखते काय?"

श्रावणनं तोंड उघडलं. त्याच्या आधी इंदूबाईच बोलली.

"इचारू नोका भाऊ. आता लेकरावानी बोंबलत होते. मले वाटलं, नाल्यातल्या म्हशी बाहेर पळतीन."

मारोतराव हसले. हसताना त्यांचे खांदे खाली आले. "मंग काही झालं नाही तुह्या हाताले. हळद लाव, बांधून ठेव. उद्या साताले ये, खालच्या वावरात लय अळी हाय."

"येतो भाऊ."

ते बांधावरून दिसेनासे होईपर्यंत दोघंही हलली नाहीत. मग इंदूबाई दगडावर बसली. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला, पण नजर वर केली नाही.

शिंगट्याच्या काट्याला उलटे दात असतात. आला त्या वाटेनं तो मागं निघत नाही, मांस फाडत पुढंच काढावा लागतो. तिनं नखानं पलीकडं वर आलेलं त्याचं टोक हुडकलं, दातात धरलं आणि ओढलं. थांबली, श्वास घेतला, पुन्हा ओढलं.

श्रावण पलीकडच्या पऱ्हाटीकडं पाहत बसून होता. कण्हत होती ती.