देवीचे आसू वर चढतात

आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळी. भाऊबीज सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्राच, भरते, आणि त्या साली लाखांदूरकडच्या मंडयांत एकाच देवीचा बोलबाला होता. ती म्हणे हवेत राहायची. खाली पाट नाही, वर दोरी नाही. काळ्या कापडाच्या राहुटीत नुसता सोन्यासारखा चेहरा अधांतरी, आणि तो पापणीही लववायचा. लोक चपला बाहेर काढून आत जात आणि हात जोडून बाहेर येत.

ती देवी म्हणजे रुखमिणी, घनश्यामची बायको, आणि ती हवेत मुळीच नव्हती. चेहरा दिसायचा त्याच्या बरोबर खाली, काळ्या कापडानं मढवलेल्या एका खोक्यात, ती फळीवर उताणी पडलेली असे. मान फळीच्या कडेवरून खाली लोंबत असे आणि कमरेवरून पट्टा आवळलेला असे.

घनश्याम भंडाऱ्याला पितळेची भांडी घासून चकाकी आणायचं काम करी. एकदा मोठी खोलगट परात घासताना त्याला दिसलं, की दिव्याची ज्योत परातीत नाही, परातीच्या पुढे हवेत लटकली आहे. हात घातला तर हाताला काहीच लागेना. उजेड परातीवर आदळून परततो, पुढे एका जागी पुन्हा गोळा होतो, आणि वस्तू नसते तिथं वस्तूचं रूप उभं करतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं. माणूस डोक्याचा होता, ते नाकारून चालायचं नाही. त्यानं तीन हात रुंद परात ठोकून घेतली आणि चिंच-राखेनं घासून घासून तिचा आरसा केला; तो खोक्याच्या उघड्या तोंडासमोर तिरका टेकवून ठेवला. अडचण एकच होती. रूप उलटं पडायचं. देवी सुलटी दिसायला हवी तर बाईचं तोंड उलटं हवं. ही अडचण काही त्याला अडचण वाटली नाही. बाई घरचीच होती.

रुखमिणीचा दीड वर्षाचा टिकू आंबागडला तिच्या आईजवळ ठेवलेला. "मंडया सरू दे, मंग जाऊ टिकूले आनाले," असं घनश्याम म्हणाला होता. त्या एका बोलावर ती दिवस काढत होती. डोक्यात रक्त उतरे, कान गच्च होत, तोंडाजवळ ठेवलेल्या पेट्रोमॅक्सच्या झळीनं गालांवरचा पिवळा रंग तडकून निघे. ती मनात मंडया मोजी आणि गप्प पडून राही.

एके दिवशी टिकूची फारच आठवण आली आणि तिला रडू फुटलं. कपाळ खाली होतं, तेव्हा पाणी डोळ्यांतून निघून कपाळाकडे ओघळलं. आणि वर हवेत लोकांनी काय पाहिलं? देवीचे आसू डोळ्यांतून निघाले आणि मुकुटाकडे वर चढले! दुपार कलायच्या आत पंचक्रोशीत बोभाटा झाला. रांग पार जिलेबीच्या दुकानापलीकडे गेली.

झालं. त्या दिवसापासून घनश्यामला रोज आसू हवे झाले.

"रडाले काय जाते तुले?" तो म्हणे. "बाया तं बिनकामाच्या रडते."

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं येत नाही म्हणतात; आसवांचंही येत नाही. त्यानं कांदा लावून पाहिला, तर देवीचे डोळे आल्यासारखे लालबुंद झाले. मग त्याला दुसरी युक्ती सुचली. राहुटी उघडायच्या वेळी खोक्यात तोंड घालून तो हळूच सांगे, "टिकू बैलबंडीवरून पडला म्हनते वो. हात मोडला." रुखमिणीच्या डोळ्यांना धार लागे आणि बाहेर जयजयकार होई. संध्याकाळी ती भाकर वाढताना तो हसे. "खोटं होतं ना, पगली." दुसऱ्या गावी टिकूला गोवर निघाला. तिसऱ्या गावी कुत्रं चावलं. बाप होता तो त्या पोराचा, आणि तरी त्याची जीभ झडली नाही.

पण माणसाचं काळीज किती वेळा फसणार? शेवटच्या मंडईला तो कानाशी काय काय पुटपुटला, रुखमिणीनं एक शब्द आत घेतला नाही. उद्या मंडई उठली की आंबागड. टिकू आधी ओळखणार नाही, मग नाकातल्या नथीला हात घालील. ती उलट्या तोंडानं हसत होती. बाहेर लोक कुरकुरू लागले. "रडते म्हने, कुठी रडते? ही तं हासून राहिली."

दुपारी, लोकांना बोलवायला घनश्याम वाजवी ती घंटा मध्येच थांबली. राहुटीच्या तोंडाशी घनश्याम कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलला. मग कुणीतरी अनवाणी पावलांनी खोकत आत आलं. ते खोकणं रुखमिणीच्या ओळखीचं होतं.

"माय," वरून आवाज आला, तिच्यापासून एका वितीवर. "मी आंबागडची देवकाबाई आवो. मोठ्या आशेनं आली तुह्यापाशी."

आईला काहीच ठाऊक नव्हतं. जावई देवी घेऊन फिरतो आणि पोरगी त्याला रांधून घालते, एवढंच तिला माहीत होतं. समोरच्या सोन्याच्या तोंडात, त्या नथीत आणि मुकुटात आपली रुखमिणी तिला दिसायची कशी?

"माहा नातू गेला वो, माय. टिकू. परवा तापानं गेला. शेवटपर्यंत दाराकडे पाहे. आता पोरीले कोन्या तोंडानं सांगू? जवाईले सांगतलं बाहेर. ते म्हने, रुखमिणी बजारात गेली हाये, येतपर्यंत देवीले सांगा. जोरानं सांगा म्हने, देवीले कमी आयकू येते."

जोरानं सांगा. रुखमिणीनं ते दोन शब्द ऐकले आणि टिकू खरंच गेला हे तिला त्या दोन शब्दांनी कळलं. नवरा सांगता तर तिनं मानलंच नसतं, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं; म्हणून या वेळी खरी बातमी त्यानं आईच्या तोंडून, खोक्यात ऐकू जाईल अशी, आत पाठवली होती.

पाणी आलं, ते थांबेना. कपाळावरून केसांत, केसांतून खाली जमिनीवर. बाहेर कुणीतरी ओरडलं, "चढले, आसू चढले!" घंटा जोरात वाजू लागली.

"रडू नको, माय," देवकाबाई म्हणाली. "माह्यासाठी तू कायले रडते?" आणि देवीचे डोळे पुसायला तिनं हात पुढं केला. परातीत तो हात मोठा मोठा होत आला, सगळी परात हातानंच भरली, आणि रुखमिणीच्या गालाला मात्र काही लागलं नाही. वर म्हातारीची बोटं चेहऱ्यातून आरपार गेली. हवेत गाल नव्हता, पाणी नव्हतं.

तेव्हा रुखमिणीनं कमरेचा पट्टा तोडला. काळं कापड फाडून ती उठली. हवेतला चेहरा विझला आणि त्याच जागी, आईच्या त्याच पुढं केलेल्या हाताला, तिचा खरा चेहरा येऊन लागला.

म्हातारी किंचाळून मागं सरली. मग तिनं नीट पाहिलं. पिवळ्या रंगात पाण्याचे दोन ओघळ होते, डोळ्यांपासून वर केसांपर्यंत गेलेले. तिनं पदरानं ते कपाळ पुसलं आणि रंगाखालून रुखमिणी निघाली.

"पोरी, तू होतीस? मंग मी..."

"हो, माय. सांगून झालं तुहं."

घनश्याम आत धावत आला. "पडून राय ना दोन घडी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आज तं खरे येऊन राहिले. उद्या मंडई उठते, मंग जाऊ."

"कोनाले आनाले जाऊ?" रुखमिणी म्हणाली. तिनं मुकुट काढून परातीत टाकला आणि आईचा हात धरून ती एस.टी.च्या रस्त्याला लागली.

रांगेतली माणसं तिकिटाचे पैसे परत मागत ओरडू लागली. घनश्याम रिकाम्या खोक्याशी उभा होता. खोटं कशाला बोला, आता त्याच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं. पोरगा त्याचाही होता. रांगेतल्या पुढच्या एका गड्यानं खोक्यातला पेट्रोमॅक्स उचलून त्याच्या तोंडाशी धरला आणि निरखून पाहिलं.

"ह्याचे तं खालीच उतरते," तो मागच्यांना म्हणाला, आणि सगळे जिलेबीकडे गेले.